अक्काच्या पाण्याच्या गाठी

शिवकांता माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. निलंग्यात तिची पिठाची चक्की आहे, आणि चक्कीवर चढलेला आवाज घरी आल्यावरही खाली उतरत नाही. दळणात खडे निघाले की ती आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. अशी बाई घाबरलेली बघणं फार वाईट.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आणि टपरीवर गप्पा कसल्या, तर उदगीरचा नवा जिल्हा झाला तर आपण कुणीकडं जायचं. घशाला कोरड पडलेली आणि यांना कलेक्टर कचेरी पाहिजे, म्हणून मी चिडायचो. त्यातच अक्काचं पोट जड राहायला लागलं. सोनोग्राफी केली तर लिव्हरवर पाण्याच्या गाठी निघाल्या. अक्का हसली. म्हणाली, "साऱ्या जिल्ह्यात पाणी न्हाई, अन् माझ्या लिव्हरात साठलंय बघ."

रक्ताचा रिपोर्ट आला आणि तिचं हसणं बंद झालं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "गाठी साध्या दिसतात, पण रक्तातला ट्युमर मार्कर बराच वाढलाय. कधी कधी नुसत्या गाठींमुळंही वाढतो. तरी सीटी स्कॅन झाल्याशिवाय मी खात्री देणार नाही." एवढं सगळं ऐकून दाजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कानात एकच शब्द राहिला. ट्युमर. स्कॅन झाला. सोमवारी या, मग सांगतो, असं म्हणाले.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीबाहेर बघत होती. आमच्या लिंगायतांत मयताला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. ती हळूच म्हणाली, "मल्लू, आईला बसवलं तवा तिची मान सारखी पडत होती. माझी धरशील न्हवं?" मी तिच्यावर खेकसलो. दुसरं काय करणार?

मग बाजारात मलप्पा भेटला. त्याचं शेत दाजींच्या शेताला लागून आहे. त्यानं माझा हात धरला, डोळे पुसले आणि विचारलं, "कवा झालं रं? सांगावा बी धाडला न्हाई."

अक्काला तर मी सकाळीच चक्कीवर बघून आलो होतो. मग हळूहळू उलगडलं. नाला खोल करायला आलेलं जेसीबी दाजींनी शेतात नेलं होतं आणि आपल्या आईवडिलांच्या समाधीशेजारी खड्डा काढून घेतला होता.

मी तडक दाजींना गाठलं. गचांडी धरावी असा राग आला होता. "जित्या बाईचा खड्डा काढता?"

दाजी, ईश्वरप्पा, मुळात अबोल माणूस. खाली बघून म्हणाले, "बाप गेला तवा बी असाच दुष्काळ होता. पहार वाकली, पण भुई फुटली न्हाई. दिवसभर उन्हात बसवून ठेवलं त्याला. तिला तसं ताटकळत ठेवायचं न्हाई मला."

अक्काला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं. सोमवारपर्यंत चक्कीवर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला वैरी वाटत होतं. कोण काय बोलून जाईल याचा नेम नव्हता.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. गाठींची भिंत पातळ आहे, आत नुसतं पाणी आहे. स्वादुपिंड आणि पित्तनळीही साफ आहे. मार्कर या गाठींमुळंच वाढलेला दिसतो. काही महिन्यांनी पुन्हा तपासू." अक्कानं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, "म्हंजे न्हाई न्हवं?" दाजी बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

निलंग्यात उतरल्यावर दाजी घराकडं वळलेच नाहीत. "तुम्ही व्हा फुडं," म्हणाले आणि शेताच्या वाटेला लागले. अक्काला संशय यायला तेवढं पुरे होतं. ती त्यांच्या मागं, मी तिच्या मागं.

आम्ही पोचलो तेव्हा दाजींनी नुकतंच फावडं हातात घेतलं होतं. अक्का खड्ड्याच्या काठावर थांबली. तोंडावरचा रंगच उडाला तिच्या.

"ह्यो माझा?"

दाजींनी मान खाली घातली. आता ही त्यांना फाडून खाणार असं मला वाटलं. पण ती नुसती आत बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा रुंद कशाला? मी काय एवढी जाडी हाय?"

दाजी म्हणाले, "दोघांचा हाय."

डॉक्टरांच्या खोलीत वाटली नव्हती एवढी भीती मला त्या घडीला वाटली. या माणसानं मनाशी काय ठरवलं होतं, ते आता कळत होतं. आणि आम्ही सगळे इतके दिवस फक्त अक्काकडं बघत होतो.

अक्कानं पदर खोचला. खाली बसून दोन्ही हातांनी ढेकळं आत ढकलायला लागली.

"उभं काय ऱ्हायलाव," ती दाजींना म्हणाली, "लोटा माती."