कप्तानाच्या गाडीचे दिवे

टॅक्सीच्या थांब्यावर त्याला सगळे कप्तान म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, आणि गाडीला साधा ओरखडा पडला तरी ज्याला दोन घास जात नसत, असा तो माणूस. एका सकाळी दात घासता घासता न्हाणीघरातच कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. महिन्याभराने दवाखान्यातून घरी आला तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, 'थांब'. भूक लागली तरी थांब, पाणी हवं तरी थांब, खिडकी लाव म्हणायचं तरी थांब.

त्याची बायको घरी पडदे शिवायची. तिने त्या एका शब्दाचे सूर हळूहळू ओळखायला घेतले. "थांबू कशी? कामं काय तुमचे टॅक्सीवाले येऊन करणार?" असं पुटपुटत ती नेमकी हवी ती वस्तू त्याच्या हातात ठेवायची.

गाडी दोन वर्षं अंगणात उन्हात उभी राहिली. पुढच्या दिव्यांची प्लास्टिकची काच पिवळी पडली, गढूळ झाली. लेक तीन तासांच्या अंतरावर शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "आई, गाडी मी घेऊन जाते. उभ्या उभ्या सडेल. पण हे दिवे बदलावेच लागतील, उजेडच पडत नाही."

"थांब!" कप्तान खुर्चीतून ओरडला. डाव्या हाताचं बोट त्याने आधी बायकोकडे केलं, मग कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे.

पूर्वी तो दिवे स्वतः घासायचा, तेव्हा बायको नुसती पाणी ओतायला असायची. आता खुर्ची अंगणात आली आणि ती गाडीपुढे फतकल मारून बसली. साबणाने काच धुतली, कडेच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावली. मग पेटीतला खरखरीत कागद पाण्यात भिजवून घासायला लागली.

"थांब."

"आता काय? पाणी कमी?" तिने आणखी पाणी ओतलं.

"थांब, थांब!"

"अहो, मग काय? गोल गोल नको? आडवं?" त्याने मान डोलावली. कागद काचेवर आडवा फिरू लागला आणि पिवळं, दुधाळ पाणी ओघळलं. पण पाणी पुसून पाहते तो काच आधीपेक्षा पांढरी, अगदी आंधळी झालेली. "वाटोळं केलं मी. बघा, काही म्हणता काही दिसत नाही!"

कप्तान हसला. तोंडाची एकच बाजू हसली, पण आजारपणानंतरचं ते पहिलंच हसू होतं. त्याने पेटीतला त्याहून मऊ कागद दाखवला, मग त्याहूनही मऊ. ती आडवं घासून झालं की उभं घासत राहिली. दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले. शेवटी फडक्यावर पॉलिश घेऊन काच चोळली, आणि आतला बल्ब तारेसकट लख्ख दिसला. पुन्हा पिवळं पडू नये म्हणून वरून पारदर्शक लॅकरचा फवारा मारायचा होता, तो मात्र त्याने डाव्या हाताने स्वतः मारला. एका ठिकाणी ओघळ आला. तिने तो तसाच राहू दिला.

लेक गाडी घेऊन गेली. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, "बाबा, रस्ता कसला स्वच्छ दिसतोय!" बायकोने फोन त्याच्या कानाशी धरला होता. तो रडला. नंतर मात्र अंगणात यायलाच तयार होईना. रिकामी जागा दिसली की तोंड फिरवायचा.

सात महिन्यांनी, पावणेपाचला, त्याला दुसरा झटका आला. घरी आलेल्या डॉक्टरांनी लेकीला बोलवायला सांगितलं. ती वर्गातून उठून तशीच निघाली. सहा वाजता कप्तान गेला. साडेसहाला लेकीने वाटेतल्या पेट्रोल पंपावरून फोन केला.

"आई, बाबा कसे आहेत?"

आई पलंगाशी उभी होती. अंधार पडत होता, लेक एकटी होती. "आहेत," ती म्हणाली. "डोळा लागलाय. तू सावकाश ये."

आठच्या सुमारास गाडी अंगणात वळली. दाराबाहेरच्या ढीगभर चपला पाहून लेकीला सगळं कळलं. ती कितीतरी वेळ खालीच उतरेना. आई बाहेर आली, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली.

"कधी?"

"सहाला."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा... आई, मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या हातात स्टिअरिंग होतं गं."

"माझे बाबा होते ते!"

आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. लेकीने तो बाजूला केला. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून माणसं परतली तरी दोघींत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी लेक जायला निघाली तेव्हा आईने डबा भरून दिला. लेकीने तो घेतला, पायरीवर क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन करते. पण तू खरं काय ते सांगत जा."

"सांगेन," आई म्हणाली. मग आत जाऊन, दार लावून, तीन दिवस धरून ठेवलेलं रडू तिने मोकळं केलं.