धारूरच्या घाटात अडलेल्या कढया

चकलांब्याहून निघालो तेव्हा मागे कढयांचा असा खणखणाट चालला होता, की शेजारच्या दत्ताशीही मला ओरडून बोलावं लागत होतं. दत्ता माझ्या भावाचा मुलगा. त्याने मंडप-भांड्यांचा धंदा नुकता टाकलाय आणि त्यासाठी एक जुना ट्रक घेतलाय. केजला माझ्या धाकट्या बहिणीच्या, कौसाच्या, नातीचं लग्न. संध्याकाळी हळद आणि मोठं जेवण. मंडप, सतरंज्या, कढया सगळं या ट्रकमध्ये. "एसटीनं कावून (कशाला) जाती आत्या? माझ्या गाडीत चल की," म्हणाला. नाशिकला राहून इतकी वर्षं झाली, पण ट्रकच्या केबिनमध्ये बसायची हौस राहिलीच होती. बसले!

खरं सांगू का, घरात सगळे त्या ट्रकला नावं ठेवत होते. "म्हातारा बैल घेतलाय पोरानं," भाऊ म्हणाला. दत्ताच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. नात्यातलंच पहिलं मोठं काम बिघडलं, तर बाहेरचं कोण देणार?

गेवराईपासून दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बायका ओळीने वाकलेल्या. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. माजलगाव सोडलं आणि ट्रक खोकायला लागला. ओढ कमी होत होत गपकन बंद. दत्ताने उतरून टाकीचं झाकण काढलं, आत काठी घालून पाहिलं. डिझेल भरपूर! मग त्याने देवाला उदबत्ती लावली, चावी फिरवली, तर ट्रक चालू.

"पावला बघ देव!" तो म्हणाला. मीही हात जोडले.

देव तेलगावपर्यंतच पावला. नशिबाने बंद पडलो ते हारूणभाईंच्या गॅरेजजवळ. पिकलेली दाढी, तेलकट बनियन, बोलणं गोड. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. तोवर दत्ताने पुन्हा झाकण काढून काठी घातली. मी उसाच्या गाड्या बघत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली, हारूणभाईंनाही दिली. "चटनी लई तिखट हाय आत्या," ते डोळे पुसत म्हणाले, आणि आणखी मागून घेतली.

ट्रक छान चालला. आणि धारूरच्या घाटात, ऐन चढावर, पुन्हा मेला.

खाली दरी, वर माकडं. मी उतरून चाकामागे दगड लावले. फोनवर कौसा: "ताई, आचारी हात बांधून बसलाय! काय शिजवू, माझं डोकं?" दत्ता पायरीवर मटकन बसला. "आत्या, लोक खरं बोलत होते. गाडीच म्हातारी हाय."

हारूणभाई मोटारसायकलवर आले. इंजिन पाहिलं, डोकं खाजवलं. "पंप ठीक, फिल्टर नवा. मग डिझेल येईना कावून?"

दत्ता सवयीने पुन्हा झाकणाकडे वळला. तेव्हा मी म्हटलं, "अहो, ते उघडताना दर वेळी सूंऽऽ करतं. लोणच्याची घट्ट बरणी उघडावी तसं."

हारूणभाई थांबले. "हे आधी नाय सांगायचं?"

"मला कोणी विचारलं?"

त्यांनी झाकणाला कान लावून ते हळूच सैल केलं. सूंऽऽ! उलटं करून पाहिलं, तर मधलं बारीक भोक साबणाने गच्च बुजलेलं.

"हे कुणी केलं बे?"

"मीच," दत्ता म्हणाला. "वळणावर थेंब थेंब सांडायचं. मग साबण लावला, टाकी गळल्यावर लावत्यात तसा."

"अरे शहाण्या! डिझेल गेलं की त्याच्या जागी हवा नको यायला? तू तर गाडीचं नाकच दाबलं!"

माझ्या लगेच ध्यानात आलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतंच ना? आपण दुसरं पाडतो. उदबत्ती लावण्याआधी झाकण निघायचं, हवा आत जायची, आणि नाव देवाचं व्हायचं! मी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. हारूणभाईंनी भोक कोरलं. ट्रक घाट असा चढला, की कढयांनी सनई-चौघडाच वाजवला.

केजला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हळदीला उशीर झाला. कौसा माझ्यावर ओरडली, मग गळ्यात पडली. जेवणं उशिरा, पण गरम झाली. पंगतीत कोणीतरी टोमणा मारलाच, "गाडी दमली का रं दत्ता?" मी मान खाली घातली. पण दत्ता वाढता वाढता थांबून म्हणाला, "गाडी लई चांगली हाय. मीच तिच्या झाकणात साबण भरला होता." आणि सगळी हकिगत सांगितली. पंगत पोट धरून हसली. उठताना एक पागोटेवाले पाहुणे म्हणाले, "माघात माझ्या पोरीचं लगीन हाय. तूच ये. खरं बोलतोस."

परतताना टाकीवरून डिझेलचे दोन थेंब ओघळले. दत्ताने आरशात पाहिलं आणि शीळ घालत राहिला.

नाशिकला आल्यावर गुडघा दाखवायला गेले. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "आजी, वय झालं आता." मी म्हटलं, "ते झालंयच हो. पण आधी तपासा, मग वयाला बोला."