पुनवेचा स्लॅब

रोह्याजवळ वरसेला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मी दिसले की विचारायच्या, शिकतेस का नोकरी करतेस, एक काय ते सांग. दोन्ही, असं म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे. पण खरंच दोन्ही होतं. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी, शनिवारी-रविवारी कॉलेज आणि बाकी आठवडाभर साइटवर अप्रेंटिस. पगार बेताचाच, पण पांढरं हेल्मेट माझं स्वतःचं. पहिल्या दिवशी ते घालून आरशासमोर इतका वेळ उभी राहिले की पेणला जायची गाडी चुकली.

साइट पेणच्या पलीकडे खारेपाटात होती. खाडीकाठच्या एका गावाबाहेर मासळीसाठी बर्फाचा कारखाना उभा राहत होता. मालक रोह्याचे, आणि आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे साहेब, नाशिकचे. साहेब मनाने चांगले, तोंडाने फटकळ. त्यांनी माझ्याकडे वेळापत्रक सोपवलं होतं. सळई कधी यायची, फळ्या कधी ठोकायच्या, कुठल्या कामामागून कुठलं काम. लॅपटॉपवर एक काम पुढे ढकललं की मागची सगळी कामं आपोआप सरकत, ते बघून मला अक्षरशः गुदगुल्या व्हायच्या. मैत्रिणी म्हणत, हिला नवरा नको, लॅपटॉपच बघा.

वैशाखात पहिला स्लॅब आला. पावसाच्या आत तो पडायलाच हवा होता. तयार काँक्रीटच्या मिक्सर गाड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक यायच्या होत्या. मध्ये खंड पडला तर आधीचं काँक्रीट घट्ट होतं, नवं त्याला नीट धरत नाही आणि पुढे तिथून पाणी झिरपतं. बर्फाच्या कारखान्याचं छतच गळायला लागलं तर झालंच म्हणायचं. मी मिक्सरच्या फेऱ्या आखल्या, पुन्हा आखल्या, आणि आनंदाने मला झोप येईना.

मग मालक आले आणि म्हणाले, पौर्णिमेला धरा. अवस नको, पुनव शुभ. साहेबांना देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण मालकांचं मन मोडायचंही नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि मला तारीख टाकायला सांगितलं. मी लॅपटॉपवर तारखेपर्यंत आले आणि हात थांबला. तारीख म्हटली असती तर मी डोळे मिटून टाकली असती. पण त्यांनी पुनव म्हटलं होतं.

आम्ही रोह्याकडचे भातवाले, खाडीशी आमचा संबंध नाही. पण माझं आजोळ याच खारेपाटातलं. सुट्टीत आजोळी निघायचं तर आई आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची. पुनव किंवा अवस असली की दुपारची एसटी नाही. "जेवणाच्या वक्ताला खाडी रस्त्यावर येते गो," म्हणायची. पुनव आणि अवस, आपल्याला एक शुभ आणि एक अशुभ, खाडीला दोन्ही सारख्याच. दोन्हींना उधाण. आणि आमच्या साइटचा रस्ता खाडीच्या बांधाच्या कडेने जायचा, एका ठिकाणी चांगला खोलगट होऊन.

मी बोलले. पुनवेला दुपारी तो रस्ता पाण्याखाली जाईल, म्हटलं, मिक्सर अडकतील. साहेब हसले. म्हणाले, मी थंडीपासून या रस्त्याने येतोय, टायर कधी ओलं झालेलं नाही. मी म्हटलं, थंडीत मोठं पाणी रात्री येतं, या दिवसांत दुपारी. हे मी आजोळी ऐकलेलं, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आणि ते सांगताना माझं मलाच जरा पोकळ वाटलं. मालकांचा चेहरा उतरला. तेव्हा मला सुचलं ते मी बोलून टाकलं. नारळ पुनवेला फोडू या, स्लॅब अष्टमीला टाकू या. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही, आणि दुपारी तर ओहोटीच. मुहूर्तही साधेल आणि गाड्याही येतील.

मालकांना ते पटलं. साहेबांना एवढं पटलं नाही. आठवडा पुढे जाणार, काँक्रीट वर चढवणाऱ्या पंपवाल्याला पुन्हा विनवायचं, पाऊस तोंडावर. "बदलतो तारीख," साहेब म्हणाले. "पण पुनवेला रस्ता कोरडा राहिला ना, तर दुसऱ्या दिवसापासून तू रोह्याच्या ऑफिसात बसायचं. साइट बंद."

ऑफिसात म्हणजे पंख्याखाली बसून बिलं लावायची. त्यापेक्षा शेजारच्या काकू सारख्या सुचवायच्या त्या त्यांच्या भाच्याशी मी लग्न केलं असतं.

पुनवेच्या सकाळी खाडी अगदी गुणी बाळासारखी खाली होती. नुसता चिखल, त्यावर बगळे. मालकांनी पूजा केली, नारळ फोडला, पेढे वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला. ऊन वर आलं, तरी रस्ता खडखडीत. साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मालकांना घेऊन पेणला जेवायला निघाले. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, हेल्मेट जमा करायची तयारी ठेव. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. मी फळ्यांवर चढून खाडीकडे तोंड करून उभी राहिले.

आधी बगळे उडाले. मग चिखल चमकला. मग बांधाच्या कडेने एक बारीक चकचकीत जीभ रस्त्यावर आली, थांबली आणि पसरली. बघता बघता खोलगट भागात रस्ता दिसेनासा झाला. मी फळ्यांवरच उड्या मारायला लागले. खालचे सुतार घाबरून विचारू लागले, म्याडम, पाणी साइटवर येणार का? नाय येत, म्हटलं, येऊ दे रस्त्यावर, भरपूर येऊ दे. एवढ्या आनंदाने पुराची वाट बघणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

फोन वाजला. जेवून परतताना साहेब पाण्याच्या पलीकडे अडकले होते, गाडीची चाकं अर्धी पाण्यात. मागून मालकांचा आवाज येत होता, मागे घ्या, मागे घ्या. साहेबांनी अगदी हळू विचारलं, "उतरेल कधी?"

"अडीच-तीनला मोकळा होईल रस्ता, साहेब," मी म्हटलं. "तोवर पेणला चहा घेऊन या."

अष्टमीला मिक्सर मुंग्यांसारखे एकामागून एक आले. कुठे खंड पडला नाही. संध्याकाळी शेवटची गाडी धुऊन निघाली तेव्हा माझे बूट काँक्रीटने जड झाले होते आणि मी घसा बसेपर्यंत ओरडलेली होते. साहेब जिन्यावर बसून चहा पीत होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

"वरच्या मजल्याचा स्लॅब कधी धरू या?" त्यांनी विचारलं. मी लॅपटॉप उघडायला लागले, तर म्हणाले, "तो राहू दे. आधी तिथी सांग."