डावीकडचा शिंपला

शुरूकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. बापाला बोटीवर न्यायला पावात चीज भरून द्यायचं, आईसाठी चहा ठेवायचा आणि इझबेत या कोळ्यांच्या गावाहून दमियात शहराला जाणारी पहिली मिनीबस पकडायची. साडेसहाला ती फर्निचरच्या कारखान्यात हजर. इतर कामगार आठला येत. पण वर्खाचं काम वारा पडलेला असतानाच होतं. गल्लीतल्या गाड्या सुरू झाल्या, दार उघडलं, कोणी शिंकलं, की वर्खाचं पान हातातून उडून भिंतीला चिकटतं.

मी त्याच कारखान्यात एक्केचाळीस वर्षं लाकूड कोरलं. आता काम नाही, पण सकाळी चहाला तिथेच जातो. त्यामुळे हे बहुतेक पाहिलेलं आहे.

पलंग, खुर्च्या, आरशांच्या चौकटी, आमच्याकडे सगळ्याला सोनेरी झळाळी लागते. सोनं कुठलं, पितळी वर्खच. आधी चिकट रोगण लावायचं आणि थांबायचं. किती थांबायचं ते घड्याळ सांगत नाही. बोटाचं पेर उलटं टेकवायचं. ओलं लागलं तर अजून वेळ आहे. पेर उचलताना बारीक आवाज आला, की पान ठेवायचं. घाई केली तर वर्ख रोगणात बुडतो आणि त्याची चमक जाते. ती पुन्हा काही केल्या येत नाही.

शुरूकला हे सगळं येत होतं. पण मजुरी नगावर होती, आणि वर्षअखेरीला तिचं लग्न ठरलं होतं. रोगणाच्या डब्याला टेकून तिचा फोन उभा असायचा. त्यावर दिवसभर रुखवतांचे व्हिडिओ चालायचे. सामानाने भरलेल्या गाड्या, पुढे ढोल, मग नवरीच्या घरात मांडामांड. सगळ्यात शेवटी नीश दाखवायचा. नीश म्हणजे काचेचं कपाट. त्यात प्याले, बशा, चहाचे संच ठेवतात आणि ते कधीच वापरत नाहीत. आमच्याकडे नवरीची पत त्यावरून ठरते. शुरूकची सगळी शिल्लक नीशसाठी होती. एखादा व्हिडिओ पाहिला की तिच्या यादीत दोन वस्तू वाढत, आणि दुसऱ्या दिवशी ती दोन नग जास्त उरकायला बघे.

“पेर टेकवून पाहिलंस?” मी एकदा विचारलं.

“पाहिलं, काका.”

“कधी?”

“मनातल्या मनात.”

मी रागावलो. ती हसली आणि पान ठेवून मोकळी झाली.

वसंतात शाळेत तिच्या वर्गात असलेल्या रनीमचं लग्न झालं, एका व्यापाऱ्याच्या मुलाशी. सात गाड्या भरून रुखवत. त्याचा व्हिडिओ आठ हजार लोकांना आवडला. शुरूकने तो किती वेळा पाहिला असेल देव जाणे. दोन आठवडे ती कोणाशी धड बोलत नव्हती. एका सकाळी दहाच्या चहाला ती फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

“काका, हा पलंग आपला आहे ना?”

आपलाच होता. पलंगाच्या माथ्यावरचे दोन शिंपले मी कोरले होते, माझं शेवटचं काम. तिने चित्र मोठं केलं.

“डावीकडचा शिंपला बघा.”

पांढऱ्या दिव्याखाली सगळं उघडं पडलं होतं. उजवा शिंपला लखलखत होता. डावा चहात बुडवून काढलेल्या चमच्यासारखा दिसत होता.

“हा मी केलाय,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो होतो. तू हसलीस.”

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “पंधरा दिवस मी हे बघून जळतेय. तिचा फ्रिज, तिचे पडदे, तिचा नीश. आणि त्या अख्ख्या घरात माझं असं जे एक होतं, तेच सगळ्यात वाईट.”

मी समजूत काढली नाही. तिचं म्हणणं खरं होतं.

त्याच दिवशी ती उस्ता बरकातकडे गेली. उस्ता म्हणजे उस्ताद; बरकात आमच्या गावातला खऱ्या सोन्याच्या वर्खाचा जुना कारागीर. एका जुन्या मशिदीच्या लाकडी मिंबरावरचं, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावरचं, सोनेरी काम त्याला नव्याने करायचं होतं आणि जोडीला माणूस हवा होता. त्याने तिला आधीही विचारलं होतं. तेव्हा मजुरी ऐकून ती परत आली होती.

“सहा महिने,” बरकात म्हणाला. “मजुरी अर्धी. फोन खणात.”

“अर्धी का, उस्ता?”

“कारण तू केलेलं अर्धं मला खरवडावं लागणार.”

अर्धी मजुरी म्हणजे नीश रिकामा. तिच्या आईचं, नईमाचं, म्हणणं चुकीचं नव्हतं. शुक्रवारी त्यांच्याकडे मासे खायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच जुंपली.

“लोक मोजतात, पोरी. मी स्वतः मोजते. तुझ्या मावशीच्या नीशमधले प्याले मी मोजले होते. एकोणचाळीस.”

“त्यातून कोण काय प्यायलं?”

“नीशमधून कोणी पितं का?”

“मग?”

“मग काय मग? हातिमच्या आईला मी काय सांगू?”

“सांग, सुनेला चांगलं काम शिकायचंय.”

“तिला वाटतं सुनेला ते येतं. चांगला समज आहे तिचा, कशाला मोडू?”

नवऱ्या मुलाला, हातिमला, शुरूकने फोन लावला. तो म्हणाला, “तीन जिने आहेत आणि लिफ्ट नाही. नीश नको असेल तर मी तुझा जन्मभर ऋणी राहीन.” नईमाने हसू दाबलं, पण दोन दिवस लेकीशी अबोला धरला.

शुरूक बरकातकडे लागली. पहिला महिनाभर तिने सोनं पाहिलंही नाही. खडू आणि सरस यांचे पातळ हात लाकडावर द्यायचे, एकावर एक आठ. प्रत्येक हात वाळू द्यायचा, ओल्या फडक्याने घासायचा. मग तांबडी माती, मग वर्ख, मग गुळगुळीत दगडाने घोटणं. बरकात विजेरी आडवी धरून बघायचा आणि एक रेघ दिसली तरी सगळं खरवडायला लावायचा. पहिली फळी तिने तीनदा केली. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरले. बरकात म्हणाला, “रड, पण बाजूला होऊन. पाणी पडलं तर चौथ्यांदा करावी लागेल.”

फोन संध्याकाळी खणातून निघायचा. रुखवतं ती अजूनही बघते. हेवा पार गेला असं ती म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण तिची नजर बदलली. कोणाचा आरसा दिसला की ती आधी कोपऱ्यातला सांधा बघायची. एकदा म्हणाली, “काका, वस्तूंची यादी वाचून संपते. हे संपत नाही. काल जे येत नव्हतं ते आज आलं, आणि ते कोणी माझ्यासमोर गाडीत भरून नेऊ शकत नाही.”

सहाव्या महिन्यात बरकातने तिच्या कडेच्या पट्टीवर विजेरी धरली, मग बंद केली आणि पुढच्या फळीकडे गेला. तो यापेक्षा जास्त कौतुक करत नाही. त्या आठवड्यापासून तिला पूर्ण मजुरी मिळू लागली.

लग्नाला दोन महिने होते. नईमाला वाटलं, आता निदान एक चहाचा संच येईल, नीश नसला तरी कुठेतरी मांडता येईल. शुरूक मला घेऊन रनीमकडे गेली. पलंगाचा माथा खोलून न्यायचा होता, आणि स्क्रू कुठे आहेत ते मला ठाऊक होतं.

“वेडी आहेस का?” रनीम म्हणाली. “आठ हजार लोकांनी बघितला. एकालाही दिसलं नाही.”

“मला दिसलं.”

“मी पिवळा दिवा लावते ना. विषय संपला.”

“दहा दिवस लागतील.”

“आणि दहा दिवस आम्ही बिनडोक्याच्या पलंगावर झोपायचं? नवऱ्याला काय सांगू?”

“कारागिराने चूक केली होती म्हणून सांग. माझं नाव सांग.”

रनीमने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती स्वतः उठली आणि पलंगावरच्या उशा उचलायला लागली.

एकटा डावा शिंपला खऱ्या सोन्याचा केला असता तर उजवा पितळी दिसला असता. म्हणून तिने दोन्ही खरवडले. आठ हात, तांबडी माती, वर्ख, घोटणं. बरकातच्या कामात खंड नको, म्हणून हे सगळं सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान, आमच्या कारखान्यातच. घाई एकदाही केली नाही. मी समोर बसलेला होतो.

वर्ख बरकातने दिला नाही, तिने मागितलाही नाही. पूर्ण मजुरीच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या पैशांतून तिने सोन्याच्या वर्खाची चार पुडकी विकत घेतली, रनीमच्या पलंगासाठी.