फुलांची हजेरी

भानुदास कोकरे घरी आला की रामराम करायच्या आधी हात पुढं करायचा. चहासाठी नाही, माझ्या फोनसाठी. मी फोन द्यायचा आणि गप्प बसायचं. तो चष्मा कपाळावर चढवून अंगठ्यानं काहीतरी चाळत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "घ्या पाटील, तुम्हाला जगात आणून सोडलं."

आम्ही दोघं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. त्याचा बाप मेंढरं राखायचा, माझ्या घरी शेती. शाळा दोघांचीही बेताची. कारखाना एका सकाळी बंद झाला. गेटला कुलूप आणि आमचे डबे आत. माणसं पांगली. भानुदास हर्सूलला गेला, कोणी बिडकीनला लेकाकडं. आमच्यातला तुकाराम वारला, ते आम्हाला त्याचं तेरावं झाल्यावर कळलं. भानुदासला ते फार लागलं. "जन्मभर एका मशिनीवर उभं राहिलो, आन खांदा द्यायला नव्हतो. एक मेंढरू चुकलं तरी बाप हुडकायला जायचा, पाटील. हा तर माणूस व्हता." तेव्हापासून तो माणसं एकत्र बांधायच्या मागं लागला.

त्याच सुमारास शहरातल्या एका हॉलात फोनवरचं ॲप काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम झाला. भाषण, समोसा, टोपी. भानुदास टोपी घालूनच माझ्याकडं आला. "आता घरबसल्या सगळं जग एका खोलीत बसणार. कम्युनिटी म्हणत्यात तिला."

मी म्हणालो, "आपली माणसं टपरीवर बसायला येत नाहीत, जगाला कुठं बसवतोस?"

त्या ॲपमध्ये प्रत्येकाचं एक बाहुलं करायचं होतं. त्यानं माझं केलं. काळे केस, वर कोट. माझी सुमन वाकून बघत म्हणाली, "भावजी, हे बाहुलं दळण आणतं का? आणत असंल तर हेच ठिवते. ह्यांना तुम्ही घेऊन जा." भानुदास इतका हसला की टोपी खाली पडली.

त्या खोलीत तो रोज जाऊन बसायचा. एकटाच. कधीतरी कीव येऊन मीही जायचो. मग एक दिवस ॲप उघडेना. कंपनीच गुंडाळली होती. "आपल्यासारखंच," भानुदास म्हणाला, "नोटीस नाय, काय नाय." पुढं दुसरं आलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी जग बदलणार होतं. मला कंटाळा आला. सांगणाऱ्यांचा आला, जगाचा आला आणि खरं सांगायचं तर भानुदासचाही आला.

कारखान्यातल्या माणसांचा साधा ग्रुप मात्र सगळ्यांच्या फोनात आधीपासून होता. त्यात कोणी बोलायचं नाही. सकाळी गुलाब, कमळ, उगवता सूर्य, की झालं. पोरंसुना ह्या फुलांना हसतात. भानुदासही वैतागायचा. पण एका सकाळी त्याचाच आवाज ग्रुपात आला. "ऐका रे. उद्यापासून फूल म्हंजे कार्ड पंच. सातच्या आत टाकायचं. ज्याचं आलं नाय त्याला मी फोन लावणार. फोन उचलला नाय तर घरी येणार. आन घरी आलो तर जेवल्याबिगर जाणार नाय."

कारखान्यात कार्ड पंच केल्याशिवाय आम्ही तंबाखूसुद्धा मळत नव्हतो. ती सवय हाडात बसलेली. दुसऱ्या दिवशी सातच्या आत फुलं पडली. उशीर फक्त बिडकीनच्या रहीमभाईंचा. ते कारखान्यातही उशिराच यायचे. भानुदास रोज त्यांना फोन लावून शिव्या घालायचा. मला वाटतं, त्या शिव्यांसाठीच ते उशीर करायचे.

मग सुमन गेली. पाहुणे आले, रडले, गेले. मी फूल टाकणं सोडलं. आपण आहोत हे कुणाला कळवायचं आणि कशासाठी? भानुदास रोज सकाळी हर्सूलहून स्कूटरवर यायचा, ओट्यावर बसायचा, उठून जायचा. ना धीर देणं, ना देवाचं नाव. एक दिवस म्हणाला, "पाटील, वहिनी गेल्या. तुम्ही नाय गेला. हजेरी लावा."

"माझ्या मनात नाही."

"कामावर तरी कवा मनापासून गेला व्हतात? पंच केलंच ना?"

मला राग आला. त्या रागातच मी एक झेंडूचं फूल टाकलं. भानुदास म्हणाला, "बेस," आणि चहा मांडायला स्वतःच आत गेला. सुमनच्या मागं त्या घरात पहिल्यांदा दोन कपांचा चहा झाला.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्याचं कमळ वेळेत आलं होतं. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही. त्याच्या सुनेनं ग्रुपात दोन ओळी टाकल्या. एरवी अशा वेळी नुसते जोडलेले हात येतात. त्या दिवशी माणसं आली. पैठणहून आली, जालन्याहून आली, गुडघे धरत रिक्षातून उतरली. सगळे एका जागी मी गेट बंद झाल्यानंतर पहिल्यांदा बघितले. तिरडीचा खांदा प्रत्येक वळणावर बदलत होता, शिफ्ट बदलावी तसा. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी फोन घेऊन ओट्यावर बसलो. फुलं पडत गेली. सात वाजून गेले. रहीमभाईंचं नव्हतं. थोडा वेळ वाट बघितली, मग नंबर लावला.

"कौन?"

"मी पाटील."

रहीमभाई म्हणाले, "आज से तुम क्या?"

"व्हय," मी म्हणालो. "फूल टाका."