आजचे आडवे

नगरपालिकेच्या कचेरीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. पुढे काउंटर, मागे दोन मशीन आणि भिंतीला टेकवलेले कागदाचे गठ्ठे. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळा परिसर झेरॉक्सताई म्हणतो. नवरा अकाली गेला, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, त्यांना हे दुकान थाटून दिलं. पहिले काही महिने दादा आपली ड्यूटी संपली की इथे येऊन बसत आणि गिऱ्हाइकांना आपल्या भारदस्त आवाजात विचारत, "मागून-पुढून, की नुसतं पुढून?" आवाज ऐकला की माणूस चमकून वर बघायचा. कारण तो आवाज अख्ख्या शहराच्या कानातला होता. दादा बसस्थानकावर उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, हे ते काचेच्या खोलीत बसून सांगत. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण चेहरा फारसा कोणी पाहिलेला नव्हता.

ताई बातम्यांच्या नादी लागल्या त्या या दुकानामुळेच. कचेरीत द्यायच्या तक्रारींच्या प्रती काढायला लोक त्यांच्याकडेच येत. कागद काचेवर पालथा घालायचा, तर नजर त्यावरून फिरतेच. एक निवृत्त पोस्टमन आपल्या गल्लीतल्या उघड्या गटाराचा तोच अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा येई. दर वेळी मागच्या अर्जाची प्रत नव्याला जोडलेली. एक दिवस ताईंनी मशीन बंद केलं, त्यांच्याबरोबर जाऊन गटाराचा फोटो काढला आणि पुतण्याने फोनवर उघडून दिलेल्या ब्लॉगवर तो टाकला. खाली लिहिलं, "अर्ज जाड होत चाललाय, गटार उघडंच आहे." आठवड्याच्या आत गटारावर झाकण आलं. पोस्टमन पेढे वगैरे काही घेऊन आले नाहीत, पण झाकणाचा फोटो काढायला ताईंना हाताला धरून घेऊन गेले.

मग ओघ लागला. बंद पडलेले दिवे, वेळेवर न उघडणारा दवाखाना, शाळेच्या भिंतीला गेलेली चीर. शहरातलं जुनं साप्ताहिक केव्हाच बंद पडलं होतं आणि मोठ्या दैनिकाचा वार्ताहर उद्घाटन असेल तरच उगवायचा. तो कधीमधी झेरॉक्सला यायचा आणि टोमणा मारून जायचा. म्हणायचा, ताई, आमच्याकडे आधी माणूस जातो, मग बातमी जाते. ताई म्हणायच्या, तुमचा माणूस चप्पल शोधेपर्यंत माझी बातमी शिळी होते. तो हसायचा. कचेरीतले साहेब आता सकाळी चहाबरोबर त्याचं दैनिक नाही, ताईंचा ब्लॉग उघडत होते.

ताई मनाने वाईट नव्हत्या. सुरुवातीला एकदा कोणीतरी भिंतीशी लघवीला उभ्या राहिलेल्या पोराचा फोटो पाठवला आणि त्यांनी तो तसाच लावला. दुसऱ्या दिवशी पोराची आई दुकानात आली. भांडली नाही, नुसती काउंटरला धरून रडली. त्या दिवशी ताईंनी नियम केला: साध्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, पाठवणाऱ्यानेच तो धूसर करून फोटो पाठवायचा. वाचकांनी नियम मनापासून पाळला. ताईंचं कामही हलकं झालं. फोटो तयार होऊन येई, त्यांनी वर एक ओळ लिहायची की झालं.

सगळ्यात जास्त वाचलं जाई ते 'आजचे आडवे'. बसस्थानकाच्या मागच्या पायऱ्यांशी दारूचं दुकान होतं. बायका-मुलांना तिथून जाणं नको व्हायचं. ते दुकान हलवावं म्हणून ताईंनी मोहीम उघडली आणि पायऱ्यांवर पडलेल्या माणसांचे फोटो लावायला सुरुवात केली. चेहरा धूसर, वर एक खोचक ओळ. लोक हसून हसून बेजार होत. दादासुद्धा हसायचे. फक्त वहिनींना ते सदर आवडत नसे. वहिनी घरीच शिवणकाम करायच्या आणि एकदा मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या होत्या, "वन्सं, आडवा झालेला प्रत्येक जण प्यायलेलाच असतो, हे तुम्हाला कोण सांगतं?" ताईंनी विषय बदलला होता.

त्या दुपारी दुकानात परीक्षेच्या अर्जांची झुंबड होती. एका मशीनमध्ये कागद अडकला होता, ताईंचे हात शाईने काळे झाले होते. फोन वाजला. घरोघर कुरिअर पोचवणारा एक तरुण होता, त्यांचा नेहमीचा वाचक. त्याने फोटो पाठवला होता. पायऱ्यांवर कुशीवर पडलेला माणूस, एक चप्पल दोन पायऱ्या खाली, चेहरा नियमाप्रमाणे धूसर. ताईंनी करंगळीने स्क्रीन सरकवली, ओळ लिहिली, "आज दुपारीच दिवस मावळला!" आणि फोटो लावून टाकला. मग पुन्हा मशीनमध्ये हात घातला. मध्ये एकदा फोन हातात घेऊन कोणाला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर वहिनींचा फोन आला. ताईंनी फोन खांदा आणि कानात धरला आणि कागद मोजत राहिल्या.

"वन्सं, तो आजचा फोटो कुठला आहे?"

"मागच्या पायऱ्यांवरचा. का, ओळखीचं निघालं का कोणी?" ताई हसत म्हणाल्या.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "तो सदरा मी शिवलाय. ते तुमचे दादा आहेत."

कागद हातातून कधी सुटले ते ताईंना कळलं नाही. दुकान उघडं, मशीन चालू, गिऱ्हाईक काउंटरवर, तशाच त्या धावत सुटल्या. पायऱ्या दूर नव्हत्या. कचेरीचा कोपरा वळलं की बसस्थानक आणि त्याच्या मागे त्या. इतकं जवळ की मनात आणलं असतं तर फोटो येताच जाऊन पाहता आलं असतं.

दादा अजून तिथेच होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते. एक बाई मुलाचा हात ओढत म्हणत होती, तिकडे बघू नकोस. काचेच्या खोलीत आता दुसऱ्याची पाळी होती. कर्ण्यातून कुठल्यातरी गाडीचा पुकारा चालू होता आणि ज्यांचा आवाज रोज त्याच कर्ण्यातून यायचा ते खाली पायऱ्यांवर पडले होते. ताई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी दादांचं डोकं मांडीवर घेतलं. दारूचा वास नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, लाळ सदऱ्यावर ओघळली होती. डोळे मात्र उघडे होते आणि ते बघत होते. म्हणजे इतका वेळ ते सगळं ऐकत पडले होते.

"ताई, तुम्ही कशाला आलात?" पाठीमागून आवाज आला. तो कुरिअरवाला तरुण होता. पार्सलं वाटून परत येताना पुन्हा थांबला होता. "उतरली नाही वाटतं अजून."

ताईंनी वर पाहिलं. "हा माझा भाऊ आहे. याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही."

तरुण घाईघाईने बोलायला लागला. "मला तोंड जरा वाकडं वाटलं होतं, ताई. म्हणून तर मी तुम्हाला फोटोखाली विचारलं, उठवू का म्हणून. तुम्हीच लिहिलंत ना, झोपू द्या, उतरली की उठेल."

वाकडं झालेलं तोंड ही एकच खूण होती, आणि ती ताईंच्याच नियमाने पुसली गेली होती.

रिक्षात दादांना त्या तरुणानेच उचलून बसवलं. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, हे कधी सुरू झालं? मेंदूत रक्ताची गाठ अडकली असावी, ती विरघळवणारं औषध लवकर दिलं तरच चालतं. उशीर झाला असेल तर ते घातक ठरतं. म्हणून वेळ कळायला हवी. वेळ सांगणारं कोणी नव्हतं. होता तो फक्त फोटो. ताईंनी फोन पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, वरची ओळ वाचली, खाली लोकांनी टाकलेली हसरी तोंडं पाहिली. चेहरा धूसर न केलेला मूळ फोटो आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. तो तरुणाच्या फोनमध्ये होता. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तेव्हा आणलं असतं तर औषध देता आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ती वेळ गेली. जीव वाचवू. बोलण्याचं मी आज सांगू शकत नाही."

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. थोड्या दिवसांनी दादांना साध्या खोलीत हलवलं. लोकांना कुणकुण लागली होती. वार्ताहर येऊन गेला. या खेपेला त्याने टोमणा मारला नाही, उलट ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की फोटो काढून टाका, उगाच शोभा होईल, लोक विसरतात. ताईंनाही तेच वाटत होतं. नको तो फोटो, नको तो ब्लॉग. त्या व्हरांड्यात उभ्या राहून तो पुसायलाच निघाल्या होत्या, तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या.

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमचा एक फोटो जाईल, आणि त्याबरोबर हसलेले सगळे सुटतील. शहरात अजून ते दारुडेच आहेत. खाली खरं लिहा."

ताईंनी लिहिलं. "ब्लॉगवर अनवधानाने प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राबद्दल दिलगीर आहोत." वहिनींनी ते वाचलं आणि विचारलं, "प्रसिद्ध झालं म्हणजे? आपोआप झालं? आणि दिलगीर आहोत, ते कोण कोण?"

ताई बाकावर बसल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या. शब्द जुळेनात. इतरांविषयी एक ओळ टाकायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. शेवटी लिहिलं ते असं: "हा माझा थोरला भाऊ. बसस्थानकावरचा आवाज त्याचा. तो प्यायलेला नव्हता, त्याला झटका आला होता. मी जाऊन पाहिलं नाही. एकाने विचारलं, उठवू का, तर झोपू द्या असं सांगणारी मीच. आजवर या सदरात लावलेल्यांपैकी एकालाही मी जाऊन पाहिलेलं नाही." त्याला तरुणाकडून मागवलेला मूळ फोटो जोडला. वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, चेहरा उघडा दाखवायचा असेल तर तो त्यांचा आहे, त्यांनाच विचारा.

दादा उशीला टेकून बसले होते. ताईंनी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी मजकूर वाचला. मूळ फोटो पाहिला, स्वतःचं वाकडं तोंड बराच वेळ पाहिलं. मग बोट खाली सरकवलं आणि ते कॉमेंट वाचायला लागले. ताईंनी फोन घ्यायला हात पुढे केला, वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. दादा एकेक वाचत होते. हसरी तोंडं, थट्टा, रोज त्यांचा पुकारा ऐकून गाडी पकडणाऱ्यांची नावं. एका ठिकाणी बोट थांबलं. ते काय वाचताहेत हे ताईंना न बघताही कळलं. दादांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं पाहत होते, पायऱ्यांवर पाहत होते तसे. ओठ हलले, घशातून एक आवाज आला. त्याला कुठल्याही शब्दाचा आकार नव्हता. पुन्हा एकदा दादांनी प्रयत्न केला, पुन्हा तेच.

मग ते थांबले. बोट वर सरकवलं, आपला उघडा चेहरा पुन्हा पाहिला आणि फोटो लावायचं बटण दाबून टाकलं. फोन चादरीवर सोडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यांनी माफ केलं की नुसतं खरं काय ते होऊन जाऊ दिलं, हे ताईंना समजलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. थोड्याच वेळात चादरीवरचा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. कोण काय म्हणतंय, कोणी आपली कॉमेंट गुपचूप काढून घेतली, हे पाहायची त्यांची एरवीची ओढ कुठे गेली कोणास ठाऊक. वहिनींनी वाटीत पाणी घेतलं, चमचा बुडवला.

"वन्सं, मान धरा त्यांची. आडवं पाजायचं नाही म्हणून सांगितलंय."

ताईंनी फोन खिडकीत पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी भावाची मान उचलून धरली.