बबनच्या पोरीची हलद

"गुणा, झाली का न्हाय रं माज्या पोरीची हलद?"

"झाली कं, बबन. आज संध्याकाली घेऊन येतंव."

"काल पन तू ह्योच बोल्लास."

"काल मशीन अटाकलं. आथा नीट हाय."

बबन हसायला गेला, पण हसण्याच्या जागी खोकलाच बाहेर आला. "मशीन अटाकलंय, मी पन अटाकलोय. बघू पयला कोन सुटतंय." मग त्याच्या थोरल्या भावानं, पुंडलिकनं, त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

गुणवंतनं मोबाईल टेबलावर पालथा घातला. आता नीट आहे असं सांगितलं खरं, पण समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बबनची पोर कृतिका पाटावर बसली होती, हळदीनं भरलेला कुणाचा तरी हात तिच्या गालापाशी येऊन थांबला होता, आणि सगळं चित्र तिथंच थिजलेलं. माऊस हलत नव्हता. स्पीकरमधून हळदीची गाणी गाणाऱ्या धवलारणीचा एकच सूर घरघरत लांबत चालला होता, नरडं दाबलेल्या कोंबडीसारखा. गुणवंतनं बटण दाबून धरलं, मशीनचा जीव घेतला आणि पुन्हा चालू केलं.

गुणवंत म्हात्रे भाईंदरजवळच्या राई गावचा. बाप मिठागरावर राबला, आगरातच म्हातारा झाला. पोरपणी गुणवंतही पायाला भेगा पडेस्तोवर त्याच्या मागं बांधावर फिरला. मिठागर थांबलं, भातशेतीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, नि ज्याला जे जमलं ते तो करू लागला. कुणी रिक्षा घेतली, कुणी रेतीचा धंदा. गुणवंतनं कॅमेरा घेतला. राई, मुर्धा, मोर्वा, थेट तारोडीपर्यंत ज्या ज्या मांडवात हळद लागली त्या मांडवात गुणवंत उभा. बँजो कितीही वाजो, दारू पिऊन कोण कितीही नाचो, हा आपला कॅमेरा खांद्यावर घेऊन खांबासारखा. पुढं खांदा गेला. आता पोरं शूटिंग करतात आणि हा घरी बसून फिल्म जोडतो.

एक खोड मात्र बापाकडून आली. सगळं रीतसर पाहिजे. आगरात पहिलं पाणी घेताना बाप बांधावर नारळ फोडायचा, त्यातलं पाणी चारी दिशांना शिंपडायचा, मगच उघाडी, म्हणजे बांधातली पाणी अडवायची फळी, काढायचा. आधी उघाडी काढली तर मीठ काळं पडतं, असं त्याचं म्हणणं. गुणवंतनं मीठ कधी पिकवलं नाही, पण कॅमेरा असो की नवी बॅटरी, नारळाशिवाय त्याची वस्तू कधी कामाला लागली नाही.

यंदा गिऱ्हाईकं ड्रोनची, फोर-केची चित्रं मागू लागली. जुन्या मशीनला ते ओझं ओढवेना. म्हणून गुणवंतनं भाईंदरच्या चंदनच्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. चंदन लावूनही देणार होता, पण गुणवंतनं घरीच बसवलं, कारण पूजा करायची होती. कार्ड बसवलं आणि बबनच्या पोरीची हळद लागली, दोन्ही एकाच आठवड्यात. तेव्हा बबन हॉस्पिटलात होता.

बबन आणि गुणवंत एका वयाचे, एका खाडीत पोहायला शिकलेले. बबनचं लिव्हर गेलं. दारूनं गेलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बबनही लपवत नसे. लग्नाची तारीख धरली तेव्हा तो चालताफिरता होता. तारीख आली तेव्हा पोट पाण्यानं टम्म फुगून खाटेवर पडलेला. लग्न पुढं ढकलायचं म्हणाल तर नळ्या तोडून घरी येईन, असा त्यानं दम भरला. त्यामुळं हळद झाली, बापाच्या जागी चुलता पुंडलिक उभा राहिला, आणि धवलारीण गात होती तेवढा वेळ कृतिका मांडवाच्या तोंडाकडं बघत राहिली. गुणवंतच्या पोरांनी ते बरोबर टिपलं होतं.

लग्न झालं तसं डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. घरी आल्यावर बबननं मागितली ती एकच गोष्ट. पोरीची हळद बघायची.

तेव्हापासून गुणवंत मशीनला चिकटला होता. तुकडे जोडायचा, गाणं बसवायचा, मशीनला पुरी फिल्म बाहेर काढायला लावायचा, आणि मशीन मध्येच थिजायचं. त्यातही काही नेम नाही. कधी सुरुवातीलाच, कधी अख्खी सकाळ गुमान चालून शेवटच्या घासाला. चंदन म्हणाला रॅम बदलून बघा. बदलली. मग म्हणाला पॉवर सप्लाय कमी पडत असेल, कार्ड खादाड आहे. मोठा सप्लाय बसवला. ड्रायव्हर काढून परत टाकला, विंडोज नवी घातली. शेवटी मशीन रिक्षात मांडीवर घेऊन गुणवंतनं चंदनच्या दुकानात नेलं. तिथं ते दिवसभर एसीत लग्नातल्या जावयासारखं बसलं आणि एकदाही अडलं नाही.

"गुनवंतभाई, मशीन में कुछ नहीं है. आपके घर की लाइट में लफडा है," चंदन म्हणाला. कार्ड काढून बघू का, असं गुणवंतनं विचारलं, तर तो म्हणाला नवा माल आहे, उगाच हात लावू नका.

घरी आणलं, दुसऱ्या खोलीतून वायर ओढली, यूपीएस लावला. खाडीवरून दमट वारा आला आणि मशीन परत थिजलं.

मंजुळा, गुणवंतची बायको, चार शब्दांची बाई. ती पहिल्याच दिवशी बोलली होती, "अवो, मोबाईलवर घाला नि दाखवा जसं हाय तसं. त्याला कनाला गानी नि रंग? त्याला पोर बघाचीय."

"अर्धा शिजलेला भात मान्साला वारतंस का तू?" गुणवंत म्हणाला होता. "त्याचे पोरीची हलद हाय. रीतसर दाखवीन."

मंजुळा रोज बबनच्या घरी पेज घेऊन जायची आणि आल्यावर सांगायची, आज डोळे पिवळे होते, आज बसवलं तर मान पडली, आज विचारलं नाही.

बबनचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा टेबलाखाली झाडू मारत होती. झाडू थांबवून ती तशीच वाकून बघत राहिली.

"अवो, तुमच्या डब्याला मुंग्या लागल्यात. गोर काय ठेवलाय त्यात?"

भिंतीच्या फटीतून निघालेली बारीक लाल रांग टेबलाच्या पायावरून चढून कॅबिनेटच्या जाळीत शिरत होती. गुणवंत बघत बसला. मग त्यानं वायरी उपटल्या, मशीन आडवं घातलं, बाजूचा पत्रा काढला. ज्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ते कार्ड उपसलं. खालच्या खाचेत तपकिरी, चिकट डाग होता. डागात मेलेल्या मुंग्या, जिवंत मुंग्या आणि कुंकवाचा लाल कण.

त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कार्ड बसवल्यावर त्यानंच मशीन असं पाटावर आडवं ठेवलं होतं. झाकल्या वस्तूची पूजा कसली, म्हणून पत्रा उघडाच ठेवला होता. नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी शिंपडलं, बाप शिंपडायचा तसं, चारी दिशांना. त्यातलं काही कार्डाच्या कडेनं आत ओघळलं असणार. हवा कोरडी असली की ते पापुद्र्यासारखं पडून राहायचं. हवा ओली झाली की ओलं व्हायचं, आणि मशीन थिजायचं.

"नारल," तो म्हणाला.

मंजुळानं ऐकलं आणि झाडू भिंतीला टेकवून ती आत गेली. आतून स्पिरिटची बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन आली. तो खाच घासत होता, ती फडक्यानं पुसून घेत होती. मग केस वाळवायच्या मशीननं त्यानं सगळं सुकवलं, कार्ड परत बसवलं, पत्रा लावला. फिल्म बाहेर काढायला लावली आणि खुर्ची ओढून पुढ्यात बसला.

पडद्यावर आकडा चढत होता. गुणवंतनं चहाला हात लावला नाही. अर्धं झालं, तरी मशीन थांबलं नाही. कृतिकाच्या गालापाशी थांबणारा तो हात या वेळी गालाला लागला, पुढं गेला. ती मांडवाच्या तोंडाकडं बघते ती जागा आली. तिथं त्यानं चाल हळू केली होती, बँजो काढून नुसता धवलारणीचा आवाज ठेवला होता. याच जागेसाठी त्यानं कच्चं दाखवलं नव्हतं.

फिल्म थोडीच उरली होती. तेवढ्यात दारात पुंडलिक आला. चप्पल न काढता उंबऱ्यावरच उभा राहिला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गुणवंतनं त्याच्याकडं बघितलं आणि मग परत पडद्याकडं बघितलं.

"होतेय दादा. आथा अटाकत न्हाय. सोबतच घेऊन जावू."

"ऱ्हावू दे, गुणा," पुंडलिक म्हणाला. "सकाली परत इचारत व्हता. मी बोल्लो येतंय गुणा. मंग झोपला तो झोपला."

फिल्म पूर्ण झाल्याची टिंग वाजली. दोघांपैकी कुणी तिकडं बघितलं नाही. गुणवंत उठला, लुंगी नीट केली आणि पुंडलिकच्या मागं चालू लागला. मशीन चालूच राहिलं.

दुपारी बबनला नेलं. गुणवंतनं तिरडीला खांदा दिला, गेलेला खांदा. कृतिका सासरहून आली होती. परत येताना पुंडलिकनं एवढंच सांगितलं की ती फिल्म तुझ्याकडंच ठेव, बारावं-तेरावं होऊ दे, मग बघू.

संध्याकाळी आंघोळ करून गुणवंत खोलीत आला. मंजुळा भिंतीची फट सिमेंटनं बुजवत बसली होती. "तूच बरोबर बोल्लेलीस," तो म्हणाला. तिनं फटीवर बोट दाबलं आणि उरलेलं सिमेंट पाटीच्या कडेला पुसलं.

"तारोडीवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आल्ता," ती म्हणाली. "परवा लग्नाची पूजा हाय त्यांचेकं. हलदीची फिल्म तवापर्यंत पायजे बोलतात."

गुणवंत खुर्चीत बसला. माऊस हलवला तसा पडदा जागा झाला. बबनच्या पोरीची फिल्म तिथंच होती, पुरी झालेली. त्यानं ती बंद केली. तारोडीवाल्यांच्या शूटिंगचं मेमरी कार्ड कार्ड-रीडरमध्ये घातलं, चित्रं एकेक करून वर आली. वरच्या फळीवर अगरबत्ती होती, नव्या कामाच्या आधी तो नेहमी लावायचा ती. त्यानं तिकडं बघितलं, मग हेडफोन कानाला लावले. पहिल्याच चित्रात नवऱ्या मुलाचा बाप बनियनवर नाचत होता. गुणवंतनं त्याचं तोंड नीट दिसेल तिथून तुकडा कापला आणि पुढचा घेतला.